मनोरी: गढूळ पाण्याचा किनारा

मनोरीचा समुद्र निळा नाही. बाराही महिने तो मातकट असतो. हिवाळ्यात थोडा करड्याकडे झुकतो, आषाढात सरळ तांबूस होतो. अंधेरी-मालाडहून पहिल्यांदा तिथे गेलेला माणूस या रंगाशीच अडतो. पाणी चांगलं नाही म्हणतो, दोन फोटो काढतो आणि पुढच्या सुट्टीसाठी तारकर्लीचा किंवा गोव्याचा बेत आखतो. मला या किनाऱ्याचं रसग्रहण त्या रंगापासूनच सुरू करायचं आहे. मनोरीत डोळ्यांना जे जे सुख मिळतं ते या गढूळपणातूनच आलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. रंग नाकारून हा किनारा आवडून घेता येत नाही.

गढूळपणाचं कारण साधं आहे. दक्षिणेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची. उल्हास नदी आपला गाळ वसईच्या खाडीतून समुद्रात आणते आणि दिवसातून दोनदा येणारी-जाणारी जोरकस भरती तो गाळ तळाशी बसू देत नाही. खाजणातल्या तिवरांची पानं गळून कुजतात, त्या कुजण्यावर सूक्ष्म जीव पोसतात, पुढे त्या साखळीवर जवळा आणि करंदी वाढते, आणि जवळ्यावर बोंबील. बोंबलाला असलंच पाणी लागतं. गुजरातपासून मुंबईपर्यंतच्या उथळ, गाळाच्या समुद्रात तो जसा मिळतो, तसा नितळ पाण्याच्या किनाऱ्यांवर मिळत नाही. या पाण्यात शहराचा मैला आणि प्लॅस्टिकही मिसळतं, आणि त्याची बाजू मी मुळीच घेणार नाही. पण गाळ वेगळा आणि घाण वेगळी. घाणीवर रागवावं. गाळाचे उपकार मानावेत.

भूमध्य समुद्राचा तो प्रसिद्ध निळा रंग आठवून पाहा. त्या निळाईमागे एक प्रकारची गरिबी आहे. तिथल्या पाण्यात पोषणद्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून प्रकाश खोलवर जातो आणि पाणी काचेसारखं दिसतं. भरती-ओहोटीही तिथे बहुतेक ठिकाणी वीतभर-हातभराची. सकाळी पाहिलेलं आखात संध्याकाळी जवळपास तसंच असतं. सार्डिनियाच्या उत्तरेला ला मादालेना नावाच्या द्वीपसमूहात बुदेल्ली हे चिमुकलं बेट आहे. त्याच्या एका आडवळणाच्या आखातातली वाळू गुलाबी आहे, कारण समुद्रातल्या एका सूक्ष्म जीवाच्या लालसर कवचांचा चुरा तिच्यात मिसळत राहतो. मायकेलँजेलो अँतोनिओनी यांनी ‘इल देसेर्तो रोस्सो’ या १९६४ च्या चित्रपटातला एक प्रसंग तिथे चित्रित केला. पुढे लोक लोटले, वाळू भरभरून घरी नेऊ लागले, आणि १९९० च्या दशकात त्या वाळूवर पाऊल ठेवायलाच बंदी आली. मौरो मोरांदी नावाचा एक माणूस १९८९ पासून २०२१ पर्यंत त्या बेटावर एकटा राहून राखण करत होता. शेवटी त्यालाही जावं लागलं. गुलाबी पुळण आज दुरून, बोटीतून पाहायची.

बुदेल्लीची आठवण मी मुद्दाम काढतो. एकांतातला, न बांधलेला किनारा म्हटला की आपल्या मनात नकळत असंच चित्र उभं राहतं: माणूस नसलेलं, रंगीत, जपून ठेवलेलं. हे चित्र डोक्यात घेऊन मनोरीला गेलं की मनोरी दिसतच नाही.

मालाडहून मार्वेला जायचं, धक्क्यावर उतरायचं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडायची. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचा. स्कूटरी, पिशव्या, शाळेची पोरं, बाजार करून परतलेल्या बाया, सगळे एका बोटीत. बोरिवलीहून गोराईला जायचं तरी अशीच खाडी मध्ये येते. गाडीनेच जायचा हट्ट असेल तर दहिसरच्या पलीकडे भाईंदर गाठायचं आणि उत्तनवरून वळसा घालून खाली उतरायचं. मनोरी, गोराई, कुलवेम, उत्तन, पाली, चौक, डोंगरी अशी गावं असलेल्या या लांबट भूभागाला जुने लोक धारावी बेट म्हणतात. शीव-माहीमजवळची धारावी निराळी. वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या वर्षांत, मराठे आणि पोर्तुगीज या बेटासाठी झुंजले, कारण वसईच्या खाडीचं तोंड इथून राखता येत होतं. बेटाचा तो लष्करी इतिहास उत्तरेकडे, डोंगरी-चौकाच्या बाजूला. दक्षिण टोकाला मनोरी आपलं मासे मारत, वाड्या शिंपत, ताडी उतरवत राहिली.

बेटाची ठेवण नीट पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. मोठी बांधकामं जवळजवळ सगळी पूर्वेला, खाडीच्या अंगाला आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान तिकडेच होतं. २००९ मध्ये खुला झालेला विपश्यनेचा सोनेरी पॅगोडा, ज्याचा प्रचंड दगडी घुमट आत एकाही खांबाशिवाय उभा आहे, तोही तिकडेच. शहर जिथून आलं त्याच दिशेला तोंड करून ते सगळं उभं राहिलं. पश्चिमेची बाजू, खुल्या समुद्राची, मोकळी राहिली. गावातल्या अरुंद वाटेने, विहिरी आणि ताडांच्या मधून, पश्चिमेला निघालं की घरं विरळ होत जातात, वाळू पायाखाली येते आणि एकदम सगळं उघडं पडतं.

उघडं पडतं म्हणजे काय होतं, ते सावकाश सांगायला हवं.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी लय मानली आणि तिचे तीन नियम सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. कवितेला, चित्राला हे नियम लावून पाहण्याची आपल्याला सवय आहे. निसर्गाला लावताना थोडं बिचकायला होतं, कारण किनारा कुणी रचलेला नाही. पण मनोरीच्या बाबतीत ते लावून पाहावेत असं मला वाटतं. एक तर हा किनारा दिवसातून दोनदा पुसला जातो आणि दोनदा नव्याने मांडला जातो. इतकी घडामोड असलेल्या गोष्टीत लय शोधणं वावगं नाही. दुसरं असं की इथली अर्धी रचना माणसांची आहे.

आधी विरोध. पुळण इथे सपाट आहे. उतार इतका कमी की मोठ्या ओहोटीला पाणी लांब, खूप लांब जातं आणि मागे ओल्या वाळूचं मैदान उरतं. त्या सपाटीला मध्येच खडक छेद देतात. मुंबईचा खडक म्हटला की काळाकभिन्न बेसाल्ट आठवतो, अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवते, तिचे ते उभे कोरल्यासारखे खांब. पण मनोरी-गोराई-उत्तन पट्ट्यातला बराचसा खडक बेसाल्ट नाही. तो ट्रॅकाइट आणि रायोलाइट या जातींचा, फिकट रंगाचा आहे. दख्खनचं पठार घडवणाऱ्या ज्वालामुखींच्या अखेरच्या काळात, सहा कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी, जो घट्ट, संथ लाव्हारस बाहेर आला त्याचा हा खडक. उन्हात तो करडा-पिवळसर दिसतो, भिजला की गडद होतो. भरतीरेषेच्या खाली त्याच्यावर कालवं चिकटलेली असतात, धारदार, पांढऱ्या कडांची. ओहोटीला बाया हातात टोकदार लोखंड घेऊन त्या खडकांवर वाकलेल्या दिसतात. एकेक कालव फोडायचं, आतला मऊ गर भांड्यात टाकायचा. सहा कोटी वर्षांचा दगड आणि त्याच्यावर रोजचा स्वयंपाक बेतणारा हात, हा विरोध मला कुठल्याही चित्रापेक्षा मोठा वाटतो.

संवाद पाहायचा तर खाली वाकावं लागतं. पाणी सरलं की वाळूतून वाटाण्याएवढे खेकडे बाहेर येतात. वाळू तोंडाशी नेतात, तिच्यावरचा अन्नाचा पातळ थर गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. एक गोळी, दुसरी, तिसरी. बिळापासून बाहेर जाणाऱ्या ओळींत त्या पडत जातात आणि तासाभरात किनाऱ्यावर किरणांच्या, पाकळ्यांच्या, अर्धवर्तुळांच्या आकृत्या पसरतात. खेकड्याला आकृती काढायची नसते. बिळापासून फार लांब जायचं नाही आणि गाळलेली वाळू पुन्हा गाळायची नाही, एवढ्या दोनच गरजांतून ती नक्षी उमटते. मला तिचं मोल याच कारणाने वाटतं. शेजारी, पाणी सरताना लाटांनी उमटवलेल्या वळ्या असतात, सारख्या अंतराच्या, किनाऱ्याला समांतर. वळ्यांची आडवी ओळ आणि खेकड्यांची बिळापासून फाकणारी ओळ एकमेकींत मिसळते तिथे उभं राहून पाहावं. दोन्ही एकाच ओहोटीने दिलेल्या वेळात झालेलं काम आहे. एकाची पुनरावृत्ती दुसऱ्याने उचललेली असते, जशी गवळणीत मागचे टाळकरी पुढच्याची ओळ उचलतात.

आणि मग वलांड्या. मनोरीच्या, आणि पुढे गोराई-उत्तनच्या किनाऱ्याचा हा मुख्य अलंकार. पण अलंकार म्हणावं तर तो कामाचा आहे. बांबू किंवा लाकडं वाळूत रोवायची, आडव्या दोऱ्या बांधायच्या, एकावर एक अनेक ओळी. त्यावर बोंबील वाळत घालतात. बोंबील दोरीला बांधत नाहीत की टोचत नाहीत. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची: एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. त्याच्या बारीक वाकड्या दातांचा असा उपयोग ज्या कुणाला पहिल्यांदा सुचला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. ताजा बोंबील जवळजवळ पारदर्शक असतो, फिकट गुलाबी-पांढरा. पहिल्या दिवशी वलांडीवर सूर्य मागून आला की सगळी रांग उजळून निघते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आकसतो, पिवळसर होतो, वाऱ्यावर एकमेकांवर आपटून वाजायला लागतो. नुसत्या आवाजावरून बोंबील किती वाळला ते सांगणाऱ्या बाया या किनाऱ्यावर आहेत.

या वलांड्यांनी समतोल साधला जातो, असं मी म्हणेन तेव्हा एखाद्याला ते ओढूनताणून वाटेल. पण समुद्राकडे पाठ करून एकदा पाहा. खाली सपाट वाळू, वर सपाट आकाश. या दोन प्रचंड आडव्या पट्ट्यांमध्ये दुसरं काही नसतं तर नजर कुठे टिकली असती? वलांडीच्या उभ्या लाकडांनी आणि मागच्या ताडांनी तिला टेकू दिला आहे. ताड उंच, एकेकटे, वाकडे. वलांड्या ठेंगण्या, रांगेतल्या, सरळ. मधे कलंडलेल्या होड्या, कुणावर क्रूस रंगवलेला, कुणावर भगवा झेंडा. मनोरीत ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन घरं आहेत, हिंदू कोळीही आहेत. फुगे नावाच्या तळलेल्या पावांचा आणि बाटली मसाल्याचा वास एका अंगणातून येतो, सुकटीच्या कालवणाचा पुढच्या. खाडीच्या पलीकडे, मढकडच्या एरंगळला, वाळूलाच खेटून उभ्या असलेल्या सेंट बोनाव्हेंचरच्या सोळाव्या शतकातल्या देवळात जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जत्रा भरते, तिला सगळ्या धर्मांची माणसं जातात. देऊळच म्हणतात लोक त्या चर्चला, आणि मीही तेच म्हणतो.

भरतीरेषेच्या वर मर्यादवेल पसरलेली असते. जांभळी, भोंग्याच्या आकाराची फुलं आणि मध्ये चीर पडलेली जाड पानं. तिची मुळं वाळू धरून ठेवतात. वेल जिथे उपटली जाते तिथे पावसाळ्यात वाळू खचते, हे इथे कुणालाही शिकवावं लागत नाही. तिच्यामागे सुरूची झाडं, आणि त्यामागे वाड्या.

पावसाळ्याबद्दल थोडंच. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, प्लॅस्टिकने झाकलेल्या, वलांड्या रिकाम्या. त्या दिवसांत उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं तेव्हा महापालिका शहराला सावध करते. मनोरीत ते पाणी थेट वेलीच्या मुळांपर्यंत येतं. ते दिवस भव्य असतात, पण माझ्या मते हा किनारा वाचायचे नसतात. पुन्हा वाचावं ते नारळी पौर्णिमा उलटल्यावर, आणि खरं तर कार्तिकापासून.

कारण या किनाऱ्याचं सर्वांत सुंदर काही असेल तर ते त्याचं वेळेशी असलेलं नातं, आणि ते हिवाळ्यात पूर्ण उमगतं. भरतीची वेळ काढायचा इथला जुना हिशेब तिथीवर चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हा हिशेब काही मिनिटांच्या फरकाने बरोबर येतो. याच हिशेबाने पौर्णिमेला आणि अमावास्येला मुंबईत भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. आता हे नीट ध्यानात घ्या. भरती-ओहोटीतला फरक पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारासच सगळ्यात मोठा असतो. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी जेव्हा सर्वांत लांब जातं, ती वेळ सूर्य उगवण्या-मावळण्याची असते. त्यातही एक बारकावा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात मोठी भरती दुपारची, हिवाळ्यात मध्यरात्रीची. आणि हिवाळ्यात खोल ओहोटी संध्याकाळची.

मार्गशीर्ष किंवा पौष पौर्णिमेची संध्याकाळ या हिशेबात बसवून पाहा. सहाच्या सुमारास सूर्य समुद्रात उतरतो. त्याच वेळी पाणी वर्षातल्या सर्वांत लांबच्या रेषांपैकी एका रेषेवर गेलेलं असतं, ओल्या वाळूवर पाण्याचा इतका पातळ पापुद्रा उरतो की त्यात आकाश उतरतं आणि पायाखाली केशरी रंग पसरतो. आणि त्याच वेळी मागे, ताडांच्या वर, बोरिवलीच्या डोंगरांच्या दिशेने पौर्णिमेचा चंद्र उगवतो. सूर्यास्त, चंद्रोदय आणि खोल ओहोटी तिन्ही एका तासात. हा योगायोग नाही. मुंबईच्या किनाऱ्याचा आकार, तळाचा उथळपणा आणि भरतीची लाट इथे पोचायला लागणारा वेळ यांनी मिळून ओहोटीची ही वेळ ठरवलेली आहे. दुसऱ्या किनाऱ्यांवर पौर्णिमेच्या भरतीची वेळ निराळी असते आणि तिथे सूर्यास्ताला पाणी वाळू झाकून उभं असू शकतं. जुहू-वर्सोव्यालाही ओहोटी याच वेळी येते. पण तिथे समोर ती आणि मागे दिव्यांची भिंत. मनोरीत मागे अंधार असतो. चंद्राला उगवायला जागा असते.

या पापुद्र्यात गढूळ पाणीही उजळतं, हे मला सांगायचं होतं. निळ्या, नितळ पाण्यात आपण तळ पाहतो. गढूळ पाणी आत पाहू देत नाही आणि म्हणूनच नजर वरच्या आकाशाच्या प्रतिबिंबावर थांबते. ढगाची एकेक कड त्या मातकट आरशात इतकी स्वच्छ दिसते की मान वर करायची गरज वाटत नाही.

हा किनारा मोकळा का राहिला, याचं उत्तर रसग्रहणाबाहेरचं नाही. पहिलं कारण खाडी आणि नसलेला पूल. दुसरं कायदा: १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला आणि ग्रामीण किनाऱ्यांवर पहिल्या २०० मीटरमध्ये नवी बांधकामं रोखली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली, आणि मला ते भयंकर वाटतं. वलांड्यांची जागा मोजली तर ती बहुतेक या पन्नास मीटरच्या पलीकडे जाईल. तिसरं आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं कारण माणसं. २००० नंतरच्या दशकात गोराई-मनोरी-उत्तनच्या जमिनीवर पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र उभारायचा घाट घातला गेला, तेव्हा गावं एकत्र आली, धारावी बेट बचाव समितीने लढा दिला, आणि तो बेत तडीला गेला नाही. मच्छीमार आणि शेतकरी यांनी जमीन दिली नाही कारण जमीन त्यांच्या वापरात होती. वाळूही वापरात होती. बाहेरून आलेल्या आराखड्यात जी जागा रिकामी म्हणून रंगवली जाते, तिच्यावर वलांडी कुणाची, होडी कुणाची कुठे लागणार, जवळा कुठे पसरायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. समुद्रातही तसंच. बोंबील धरायचं डोल जाळं हे मोठं शंकूच्या आकाराचं जाळं ठरलेल्या जागी रोवलेल्या खुंटांना बांधतात. भरती-ओहोटीचा ओघ स्वतः त्यात मासे आणून टाकतो आणि पाणी वळायच्या आधीच्या थोड्या थांबलेल्या वेळात ते उपसून घ्यायचं. त्या जागा ठरलेल्या असतात. दुरून पाहणाऱ्याला नुसतं पाणी दिसतं.

बुदेल्लीची पुळण माणसांना बाहेर काढून वाचली. मनोरीची पुळण माणसं तिथे काम करत राहिली म्हणून वाचली. दोन्ही सुंदर आहेत, पण मला दुसरी अधिक जवळची वाटते, कारण तिथे सौंदर्याला जगण्यापासून वेगळं ठेवावं लागत नाही.

आता नवे बेत आहेत. मुंबई महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आखला आहे: आधी दिवसाला २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी. शहराची तहान खरी आहे, आणि वैतरणा-भातसावर सगळा भार टाकून चालणार नाही, हेही मला पटतं. पण अशा प्रकल्पात जितकं गोडं पाणी मिळतं, जवळजवळ तितकंच किंवा त्याहून जास्त, दुप्पट खारावलेलं पाणी मागे उरतं आणि ते कुठेतरी समुद्रात सोडावं लागतं. ते सोडण्याची जागा आणि डोल जाळ्यांच्या जागा एका नकाशावर आखून, मनोरीच्या चावडीत टांगून, तिथल्या मच्छीमारांसमोर बोलणं झालं पाहिजे. खाडीवर पूल, आकाशातून रोपवे, किनाऱ्यालगत मोठा रस्ता, यांच्याही चर्चा होतात. पूल झाला तर आजारी माणूस रात्री वेळेत मालाडच्या दवाखान्यात पोचेल. ही गरज गावाची आहे आणि एकांत आवडणाऱ्या माझ्यासारख्याने तिच्या आड येऊ नये. मात्र पुलाबरोबर जमिनीचा भाव कुठे जाईल, आणि त्या भावात वलांडीची वाळू कुणाच्या नावावर राहील, हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे. मुंबईत ओहोटीला मागे अंधार असलेले किनारे किती उरले आहेत, ते बोटांवर मोजता येईल.

ज्यांना हा किनारा वाचायचा आहे त्यांनी पंचांग पाहून निघावं. मार्गशीर्ष किंवा पौष पौर्णिमा, नाहीतर तिच्या पुढचा दिवस. दुपारी तीनच्या सुमारास मार्वेचा धक्का गाठावा म्हणजे पाणी उतरताना पाहता येतं. उतरलेलं पाहण्यापेक्षा ते अधिक मोलाचं. खडकांकडे चपला घालून जावं, कालवांच्या कडा पाय कापतात. वलांड्यांच्या मधून चालू नये, बाजूने जावं. वाळत घातलेलं ते कुणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे. बोंबील घ्यायचे तर तिथेच बसलेल्या बाईकडून घ्यावेत, आणि घासाघीस करू नये. तिथून वाळूवरून उत्तरेला गोराईकडे चालत निघावं, सूर्य डावीकडे ठेवून. चंद्र उजव्या हाताला वर येईल. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते मात्र मार्वेला उतरतानाच विचारून ठेवावं.